टेबलावर बोट

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानाला वास सुटतो. गरम कागदाचा आणि शाईच्या काळ्या पुडीचा, कोरडा, किंचित करपलेला. एरवीही तो येत असेल. पण मार्चमध्ये मशीन सकाळी आठला सुरू होतं ते दुपारच्या जेवणालाही थांबत नाही, त्यामुळे वास दुकानातून बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहतो. त्याच्या शेजारी मुलं उभी असतात. वर्षभर ज्या वहीकडे पाहिलं नाही तिची प्रत काढून घेतात, ती छातीशी धरतात आणि अभ्यास निम्मा झाल्यासारखा चेहरा करून घरी जातात. समोरच्या गाडीवर कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून मिळतात. बिल्डिंगमधले टीव्ही दबक्या आवाजात बोलतात. खाली चेंडू आपटणाऱ्या पोरांना वरच्या खिडकीतून कुणीतरी दटावतं, आमच्याकडे बारावी आहे. घरात कुणी आजारी असल्यासारखं.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. हा ऋतू मी कायम टेबलाच्या पलीकडून पाहिला. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता मार्च नुसता मार्च असेल; उन्हाळी कपडे वर काढायचे, पंख्याची पाती पुसायची. तसं झालं नाही. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये माझ्या हातून एक वाक्य लिहिलं गेलं. यंदा झेरॉक्सचा वास सुटला आणि ते वाक्य पुन्हा तोंडात आलं, जसंच्या तसं, विरामचिन्हांसकट.

डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवणं हे संस्थेचं काम. एवढंच. एक वाचणारा, एक ऐकणारा, मध्ये टेबल. लोक विचारतात, हल्ली फोनच वाचून दाखवतो, मग माणसं कशाला? वाचतो, नीट छापलेलं वाचतो. पण मराठीतून एम.ए. करणाऱ्या मुलांचा अभ्यास नीट छापलेला नसतो. तो कुणा सरांच्या हस्ताक्षरातल्या नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर असतो. त्यात समासात बाण असतात, बाणापुढे ‘मागे पाहा’ असं असतं आणि मागचं पान आलेलंच नसतं. फोन तिथे गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो. शिवाय ऐकणाऱ्याला कळेनासं कधी झालं हे फोनला कळत नाही.

वाचणारे मिळतात, अडचण ती नाही. जूनमध्ये चाळीसेक लोक नाव नोंदवतात. त्यांत निवृत्त असतात, नोकरदार असतात, एखादी नुकती लग्न होऊन आलेली मुलगी असते. पहिल्या दिवशी सगळे टेबलाशी बसून फोटो काढून घेतात. गणपती येईपर्यंत निम्मे उरतात, दिवाळीत उरलेल्यांतले निम्मे. मार्चमध्ये, जेव्हा खरी निकड, तेव्हा ऑफिसचं इयर-एंडिंग असतं, घरी नातीची दहावी असते, गुडघ्याचं काहीतरी निघतं. एक गृहस्थ अर्थशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवून ‘श्रीमंतांच्या सवयी’ सांगणारं स्वतःच्या आवडीचं पुस्तक तीन आठवडे वाचत होते; त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी संस्थेच्या दूरदृष्टीबद्दल शंका व्यक्त केली. माझ्याकडे या सगळ्यांना टिकवून धरायचं काम होतं. स्वयंसेवक समन्वयक. म्हणजे फोन करायचे, आणि पलीकडून येणारी कारणं ऐकून ‘नाही नाही, तब्येत आधी’ म्हणायचं.

या गळतीत एक बाई नऊ वर्षं जागच्या हलल्या नव्हत्या. ग्रेस परेरा. वय एकाहत्तर, घर ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाल्या. घरात त्यांची स्वतःची बोली, कंपनीत इंग्रजी, बाजारात हिंदी. पुस्तकी मराठी वाचायची सवय चर्चमधली. कंपनीच्या वळणाने त्या मला ‘मिस्टर दामले’ म्हणायच्या. जगात त्यांच्याशिवाय मला तसं कुणी म्हणत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी चारला पाच कमी असताना त्या दारात चप्पल काढत, पर्समधून रुमाल काढून खुर्ची पुसत आणि बसत. का येता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं की लोक कारण शोधायला लागतात आणि एकदा कारण सापडलं की ते संपूही शकतं.

त्यांच्यासमोर दोन वर्षं वंदना बसत होती. वंदना कल्याणजवळच्या मोहन्याची, चोवीस वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. मोहन्याहून शेअर रिक्षाने कल्याण, कल्याणहून बसने डोंबिवली आणि बसथांब्यापासून आमच्या दारापर्यंत पायी. एकटी, काठी घेऊन. इतिहासात एम.ए. करत होती, पुढे प्राध्यापक व्हायचं होतं. पहिला वर्ग मिळालाच पाहिजे असं तिने ठरवलं होतं. एवढा अट्टाहास कशाला, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, “सर, मुलाखतीत मला बघूनच लोक दहा मार्क कापतात. तेवढे आधीच जास्त नको का?”

दोघींची एक पद्धत होती. वंदनाचा उजवा हात टेबलावर असायचा. बोट एकदा वाजलं की परत वाचा. दोनदा वाजलं की कळलं, पुढे चला. तळहात सपाट ठेवला की थांबा, मी विचार करतेय. तेव्हा ग्रेस आंटींनी खोकायचंसुद्धा नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पत्रकात नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत हजेरी लिहीत असे आणि आतून हा आवाज येत असे. टक. टक टक. मग बराच वेळ काही नाही, नुसता पंखा. मग पुन्हा टक टक. मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण माझं बोलणं नेमकं कुठे कळेनासं झालं हे इतक्या स्पष्टपणे मला कुणी सांगितलं नव्हतं. बरंच झालं म्हणा. तीस वर्षं नुसतं एकेरी टक ऐकावं लागलं असतं, टक टक कधीच नाही.

भांडायच्याही. वंदना म्हणायची, “आंटी, परत वाचा. घाईत तुम्ही अख्खे मराठे खाऊन टाकले.” ग्रेस आंटी म्हणायच्या, इतकी नावं एका ओळीत घालणाऱ्याची चूक, माझी नाही. एकदा उत्तर कोकणातल्या पोर्तुगिजांचं प्रकरण निघालं. ग्रेस आंटींच्या पूर्वजांचं धर्मांतर त्या पुस्तकात अडीच ओळींत उरकलं होतं. त्या थांबल्या.

“बस? एवढंच?”

टक टक.

“अगो, माझी आजी यावर अख्खा दिवस बोलायची.”

“परीक्षेला येत नाही, आंटी. चला.”

“तुझ्या परीक्षेला येतं तरी काय?”

“तह येतात. लोक येत नाहीत.”

यावर दोघी हसल्या ते मला बाहेर ऐकू आलं. गुरुवारी ग्रेस आंटी घरून डबा आणायच्या, कधी फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे ते आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे. वंदना बोटांनी चाचपून सगळ्यात मोठा घ्यायची आणि घेतला हे सांगायचीही.

आमच्या अध्यक्षांचं नाव इथे देत नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांना ते आमच्या प्रत्येक फलकावर संस्थेच्या नावाहून ठळक अक्षरांत मिळेल. माणूस वाईट नाही. संस्थेच्या खोल्या त्यांच्यामुळे आहेत, पंखे त्यांच्यामुळे आहेत. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ते ठाण्यातल्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता, स्वयंसेवक टिकवायचे कसे. येताना एक फाइल आणि पुष्कळ उत्साह घेऊन आले. मग हजेरीची वही गेली आणि फोनवरचं अ‍ॅप आलं. जो येईल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, नाही येणार त्याच्या नावापुढे लाल. ग्रुपवर वाढदिवसाचे केक आले. ‘महिन्याचा तारा’ आला. पहिल्या महिन्याचा तारा दुसऱ्या महिन्यापासून यायचा बंद झाला. मी घरी बायकोला हे सगळं रंगवून सांगत असे. मला ते जमतं. शाली, हार, दीपप्रज्वलन, ‘दोन शब्द’ म्हणून उठणारे आणि दोनशे वाक्यांनी बसणारे, यांची टिंगल करण्यात माझी हयात गेली आहे. बायको म्हणायची, एवढं हसतोस तर सोड ना ते काम. मी सोडत नव्हतो. लांब उभं राहून हसायला जवळची जागा लागते.

मग सोहळा ठरला. नऊ वर्षं अखंड वाचन केल्याबद्दल ग्रेस परेरांचा सत्कार, ठाण्यात, मोठ्या सभागृहात. अध्यक्ष म्हणाले, मानपत्र तुम्हीच लिहा दामले, तुमच्याइतकं मराठी आमच्यात कुणाला येतं? मी आढेवेढे घेतले. ते खरे नव्हते. त्या रविवारी दुपारी मी लिहायला बसलो तेव्हा मनात होतं की साधं लिहू. ग्रेस परेरा मंगळवारी आणि गुरुवारी चारला पाच कमी असताना येतात. बस. एवढं लिहिलंही. वाचलं तर ते हजेरीपटासारखं दिसलं. सोनेरी चौकटीत शोभणार नव्हतं. मग हात सुटला. एकेक शब्द येत गेला आणि मला मजा येऊ लागली. तीस वर्षं दुसऱ्यांची लेखणी तपासली होती, आता माझी चालत होती. शेवटून दुसरं वाक्य असं झालं:

‘जिच्या आयुष्यात काळोखाखेरीज काही नव्हते अशा एका लेकीच्या ओंजळीत आपण अक्षरांची पणती ठेवलीत.’

मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. बायको म्हणाली, छान आहे, पण ती मुलगी तर एम.ए. करतेय ना? मी म्हटलं, अगं, ते अलंकारिक आहे.

सोहळ्याला वंदनाला बोलवायचं हे अ‍ॅपमधल्या यादीवरून ठरलं. यादीत दोन रकाने होते, एका बाजूला स्वयंसेवक, दुसऱ्या बाजूला लाभार्थी. ग्रेस परेरांच्या समोर वंदनाचं नाव होतं. तिला सांगितलं होतं की आंटींचा सत्कार आहे, ये. ती आनंदाने आली, नवा ड्रेस घालून, मोहन्याहून एकटी. सभागृहाच्या दारात दोन साडीवाल्या कार्यकर्त्यांनी तिची काठी काढून घेतली, तिला दोन्ही दंडांना धरलं आणि स्टेजच्या पाच पायऱ्या चढवल्या. एवढ्या जपून की मधे दोनदा थांबल्या. ग्रेस आंटींच्या खुर्चीशेजारी तिला उभं केलं. ओंजळ करायला सांगितली. ओंजळीत एक पितळी पणती दिली, पेटवलेली नव्हे, सभागृहात आग चालत नाही; आत सेलवर चालणारा पिवळा दिवा. ही कल्पना अध्यक्षांची. माझं मानपत्र वाचून त्यांना सुचली.

निवेदिकेने मानपत्र वाचलं. तिला चांगलं वाचता येत होतं, ते जास्त वाईट झालं. ‘काळोखाखेरीज’पाशी ती थांबली, सभागृहभर पाहिलं आणि मग पुढचं म्हणाली. टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत एका बाईंनी डोळे टिपले. मी मान खाली घातली. लाज वाटून नाही. दाद घेताना मान खाली घालायची असते.

मग माइक वंदनापुढे धरला गेला. अनुभव सांग, म्हणाले. तिने पणती एका हातात घेतली आणि म्हणाली, “मला खाली जायचंय.” लोकांना वाटलं मुलगी बुजली. पुन्हा टाळ्या पडल्या.

सोहळ्यानंतरच्या मंगळवारी ग्रेस आंटी चारला पाच कमी असताना आल्या. खुर्ची पुसली, बसल्या. समोरची खुर्ची रिकामी राहिली. गुरुवारी डबा आणला आणि तसाच परत नेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, बरं नाही का हो तिला? मी म्हटलं, परीक्षा आलीय, घरी वाचत असेल. बोललो आणि मग लक्षात आलं, घरी ती वाचणार कशी? शेवटची तीन प्रकरणं राहिली होती आणि ती सगळी झेरॉक्सवर होती.

वंदना माझे फोन उचलत नव्हती. म्हणून एका शनिवारी मी मोहन्याला गेलो. दुपारचे साडेतीन. पत्रे तापून टणटणत होते, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नव्हती. तिची आई कोकम सरबत घेऊन आली आणि संकोचाने म्हणाली, समजवा हो सर तिला, वर्ष फुकट जाईल. वंदना जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी इकडचं तिकडचं बोललो. आंटी वाट बघतात म्हणालो. तिने एका उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

“मला आंटींचा राग नाही, सर,” ती म्हणाली. “त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं काय वाचणारेत ते. पण आता मी तिथं बसले तर माझं बोट उठणार नाही. आधी मी टक केलं की कसं, दोघींचं काम होतं. आता त्या पणती देणाऱ्या आणि मी घेणारी. घेणारीनं टक टक करायचं नसतं. थँक्यू म्हणायचं असतं.”

मी म्हटलं, दुसरं कुणी वाचेल. म्हटलं, आंटी रेकॉर्ड करून पाठवतील. ती म्हणाली, रेकॉर्डिंग मी थांबवू शकते, पण का थांबवलं ते त्याला कळत नाही. मग तिने घड्या एकावर एक रचल्या.

“ते लिहिलं कुणी, सर?”

बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत जाऊ दिला आणि मी म्हणालो, “समितीने.”

ती म्हणाली, “हां.”

परतीच्या रिक्षात मी स्वतःला समजावत होतो की तसं पाहिलं तर समितीनेच. समितीने मंजूर केलं होतं, ठराव झाला होता. असली वाक्यं बोलणाऱ्या माणसांवर मी किती हसलो होतो, ते कल्याण येईपर्यंत आठवत राहिलं.

आता दोष सगळा थाटामाटाच्या माथी मारला की हा लेख सोपा होईल. मीही तसंच करणार होतो. ग्रेस आंटींना म्हणालो, तुम्हालाही त्या प्रकाराचा त्रास झाला असेल, शाल, फोटो वगैरे. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “का त्रास? मला आवडलं, मिस्टर दामले. अडतीस वर्षं कंपनीत होते. निरोपाला वडापाव दिला आणि एक पेन. ती शाल मी कपाटात ठेवली नाही, कोचावर ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला.” मग आवाज उतरला. “पण तिला कसला राग आला ते तरी सांगेल की नाही ती मला? मी काही चुकीचं वाचलं का?”

मी वंदनाचं म्हणणं त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर वाक्य कुणाचं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, परीक्षेचा ताण असतो.

मार्च गेला, एप्रिल आला. पडदे भिजवून खिडकीला लावायचे दिवस. ग्रेस आंटी येत राहिल्या आणि समोर कुणी नसताना त्या तीन प्रकरणांची झेरॉक्स उघडून बसत राहिल्या. मोठ्याने वाचत नव्हत्या. ओठ हलत होते. एकदा मी पाणी द्यायला आत गेलो तेव्हा त्यांचंच बोट टेबलावर होतं. वाजवत नव्हत्या, नुसतं ठेवलेलं. दुसरा विद्यार्थी देतो म्हटलं तर म्हणाल्या, तिची परीक्षा होऊ दे.

परीक्षा झाली. पेपर लिहायला वंदनाला लेखनिक मिळाला; लेखनिक उत्तर लिहून घेतो, न वाचलेलं प्रकरण डोक्यात घालत नाही. जुलैत निकाल लागला. पास झाली. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, शेवटच्या पेपरात. तिच्या आईने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, काही का असेना, तुमच्या संस्थेचे उपकार. पहिल्या वर्गासाठी तो पेपर वंदना पुढल्या वर्षी पुन्हा देणार, हेही त्याच फोनवर कळलं.

त्या पावसाळ्यात नवे चाळीस आले. फोटो काढून घेतले. मी पुन्हा फोन करू लागलो, तब्येत आधी म्हणू लागलो. माझ्या विनोदांना मात्र घरी गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दोष बायकोचा नव्हता, मीच सांगत नव्हतो. ग्रेस आंटींना एक बी.ए.चा मुलगा दिला होता, त्याला त्या नेमाने वाचून दाखवत. तो अतिशय नम्र होता. कधी थांबवायचा नाही. डिसेंबरमध्ये त्याचं सत्र संपलं आणि जानेवारीपासून आंटी यायच्या बंद झाल्या. फोनवर म्हणाल्या, सध्या जमत नाही. गुडघा का, विचारलं. हो म्हणा, म्हणाल्या.

अ‍ॅपमध्ये त्यांच्या नावापुढे लाल ठिपके साचू लागले. तीन महिने लाल राहिलं की अ‍ॅप आपणहून अध्यक्षांना कळवतं. तसं या मार्चअखेर कळवलं. समितीची बैठक भरली. अध्यक्ष खरोखर अस्वस्थ होते. म्हणाले, नऊ वर्षं काम केलेली बाई हातची जाते म्हणजे आपण कमी पडलो. आपण त्यांच्या घरी जाऊ, पुष्पगुच्छ घेऊन. फोटोग्राफर मी सांगतो. आणि ती मोहन्याची मुलगी, तिलाही गाडी पाठवून आणू, दोघींची भेट घडवू. मानपत्राची एक ओळ पुन्हा वाचू. दामले, ती पणतीची ओळ.

मी संध्याकाळी ग्रेस आंटींना फोन लावला. अध्यक्षांचा बेत सांगितला.

“घरी मी नसते मंगळवारी-गुरुवारी,” त्या म्हणाल्या.

“कुठे असता?”

“मोहन्याला.”

मग सांगितलं. नाताळला त्या डबा घेऊन वंदनाकडे गेल्या होत्या. विचारायला, की माझं काय चुकलं. वंदनाने सगळं सांगितलं. त्या दोघी रडल्या का, भांडल्या का, मला माहीत नाही. मला तेवढंच कळलं जेवढं त्यांनी सांगितलं. जानेवारीपासून त्या ठाण्याहून कल्याण आणि कल्याणहून शेअर रिक्षाने मोहन्याला जात होत्या, या वयात, आठवड्यातून दोनदा. तिथे टेबल नाही. पत्र्याच्या पेटीवर झेरॉक्स ठेवतात. पेटीवर बोट जास्त वाजतं, म्हणाल्या, डोकं दुखतं माझं.

“संस्थेला सांगू नका असं ती बोलली. म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला पण नाही.”

मी म्हटलं, बरोबर आहे.

“तिला ठाऊक आहे, मिस्टर दामले. ते तुम्ही लिहिलंत. तुम्ही तिच्या घरी गेलात त्या दिवशीच कळलं तिला. समितीला असं मराठी येत नाही, बोलली.” मग म्हणाल्या, “शाल मी कोचावरून काढली नाही अजून. ते मला आवडलंच होतं. पण तुम्ही येऊ नका तिकडे. आत्ता तरी नको.”

पुढच्या बैठकीत मी सांगितलं की ग्रेस परेरांशी बोलणं झालं, त्यांना यापुढे यायचं नाही, आणि घरी कुणी आलेलं चालणार नाही. अध्यक्षांनी मान हलवली. एवढा मोठा सत्कार केला, म्हणाले, आणि बाई साधं कारण सांगत नाहीत. दुसरे एक सभासद म्हणाले, लोकांना जाणीव राहिलेली नाही. आणखी कुणी म्हणालं, शेवटी परकीच. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं, धारदार उत्तर. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता की मग ती बाई जाते तरी कुठे. मी पाण्याचा ग्लास उचलला. त्या खोलीत ग्रेस आंटींना कृतघ्न ठरवलं गेलं आणि ते इतिवृत्तात गेलं नाही एवढंच. त्यांचं नाव यादीतून कमी करावं असं ठरलं. ते काम समन्वयकाचं.

आज शुक्रवार आहे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात इतिहासाचा तो पेपर आज अकराला आहे. मी सकाळीच संस्थेत येऊन बसलोय. खोलीत कुणी नाही. आजकाल दुपारपर्यंत कुणी नसतं. इथेही रस्त्याच्या पलीकडे एक झेरॉक्सचं मशीन चालू आहे. अकरा वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, सव्वाअकराला पाहिलं. या वेळी लेखनिक प्रश्न वाचून दाखवत असेल. तीन प्रकरणांपैकी कुठलं तरी आलंच असेल. संध्याकाळी फोन करून विचारणं मला शक्य नाही. विचारण्याचा हक्क ज्या दिवशी होता त्या दिवशी मी समितीचं नाव घेतलं.

साडेअकराला मी अ‍ॅप उघडलं. ग्रेस परेरा, त्यांच्यापुढे लाल ठिपक्यांची लांब रांग, तीन महिन्यांची, दर मंगळवारी एक आणि दर गुरुवारी एक. नाव कमी करायला बोट दाबलं तर अ‍ॅपने कारण विचारलं. स्थलांतर, आजारपण, रस उरला नाही, इतर. मी ‘इतर’ निवडलं. खाली एक कोरी चौकट उघडली आणि तीत लिहून आलं, कृपया एका वाक्यात सांगा.

वाक्य सुचत होतं, एक नाही, तीन-चार, एकाहून एक बरी. मग काही न लिहिता मी नाव कमी केलं.